छप्पर अनुदानात बसत नाही

मी ज्या संस्थेत नोकरी करते तिला गणपतीची मूर्ती चालते, गणपती चालत नाही. नियमावलीत तसं स्वच्छ लिहिलेलं आहे : धार्मिक कार्यासाठी अनुदान नाही. त्याच्या खाली : बांधकामासाठी अनुदान नाही. त्याच्याही खाली : लुप्त होत चाललेल्या लोककलांना प्राधान्य. या तीन ओळी एकाच पानावर गुण्यागोविंदाने नांदतात. त्यांचं एकमेकींशी किती वैर आहे हे मला आषाढात मालवणच्या किनाऱ्यावर चार दिवस काढल्यावर कळलं.

संस्था मुंबईतल्या एका कुटुंबाची आहे. ताडपत्रीच्या कारखान्यावर घर उभं राहिलं आणि तिसऱ्या पिढीला संस्कृतीची आठवण झाली. मी तिथे कला आणि संस्कृती विभागाची प्रमुख आहे. कुणाला किती आणि कशासाठी द्यायचं याचा पहिला कागद माझ्या हातचा असतो. पैसेवाल्यांच्या कलाप्रेमावर मी एका मासिकात जळजळीत लेख लिहिला होता, तो वाचून त्यांनी मला बोलावून ही खुर्ची दिली. तेव्हा मला वाटलं मी जिंकले. भुंकणारं कुत्रं दाराबाहेर ठेवण्यापेक्षा आत बांधलेलं बरं, एवढाच त्यांचा विचार असावा, हे आता वाटतं.

इचलकरंजीत माझ्या बाबांचा छापखाना आहे. यंत्रमाग कामगारांची पत्रकं तिथे छापली जायची आणि मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले. पत्रकाचा नियम एकच : कोणी, कुणाचं, काय केलं ते सुरुवातीलाच सांगून टाका. मी दोन परिच्छेद वाया घालवले. तर आता सांगते. आम्ही बाबल मेस्त्रींची गणपतीची शाळा बुडवली.

फोंडाघाट

कोल्हापूरहून घाट उतरून आले तेव्हा फोंड्याच्या बाजारात ढग अगदी दुकानांच्या पत्र्यांना टेकले होते. एका टपरीवर चहा घेतला. सोबत गरम कांदाभजी, आणि भज्यांचा कागद ओला होऊन हातातच फाटला. समोरच्या दुकानात घाटावरून आलेले प्लास्टरचे गणपती प्लास्टिकच्या पिशव्या घालून रांगेत बसले होते. चतुर्थीला अजून दीड महिना होता.

"बघा, पसंत करा," दुकानदार म्हणाला. "वजनाक हलको. माणूस एकटो उचलतलो. आनी भिजलो तरी कायव होवचा नाय."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे गणपती असाच आणतात. दुकानात जायचं, चार मूर्तींच्या डोळ्यांत बघायचं, जो आवडेल तो उचलायचा. गेल्या वर्षी हिरव्या पितांबराचा, यंदा सिंहासनावरचा. किंमत जमली नाही तर दुसऱ्या दुकानात. मी त्या दुकानदाराला नमस्कार करून पुढच्या गाडीत बसले. डोक्यात एकच गोष्ट होती : बाबल मेस्त्रींना तीन वर्षांचं मोठं अनुदान मिळवून द्यायचं. असं अनुदान आमच्या संस्थेने कोकणातल्या गावकारागिराला आजवर दिलेलं नव्हतं. पहिलं मी देणार होते.

वाडी

तोंडवलीच्या किनाऱ्यावरून आत वळलं की भातखाचरांच्या पलीकडे पंधरावीस घरांची वाडी आहे. मेस्त्रींचं घर शेवटचं. घरापुढच्या खळ्यात उभी असलेली सुरेखा, बाबलकाकांची मुलगी, वय पस्तीसच्या आसपास. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात मातीने भरलेले.

"इलंस? नाव काय गो तुझा?"

"क्रांती."

"बापाशीन ठेवल्यान?"

"हो."

"मग केलंस की नाय अजून?" असं विचारून ती मोठ्याने हसली आणि पाय धुवायला पाणी आणायला गेली. 

जेवायला पेज होती, कैरीचं लोणचं आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. पावसाळ्यात होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली झाकून ठेवलेल्या असतात, ताजा मासा क्वचितच. मी तीन वाट्या पेज प्यायले. मग आम्ही घरामागच्या शाळेत गेलो.

शाळा म्हणजे गणपती घडवायची जागा. मातीच्या भिंती, वर कौलं. गेल्या पावसाळ्यात फणसाची मोठी फांदी पडून एका बाजूची कौलं आणि वासे खाली आले. त्या बाजूला निळी ताडपत्री ओढलेली होती आणि तिच्या खालून पाणी ठिपकत होतं. ज्या भागात कौलं शाबूत होती तिथे मूर्ती दाटीवाटीने उभ्या होत्या, काही ओल्या गोणपाटाखाली, काही निखाऱ्याच्या शेगडीजवळ सुकायला ठेवलेल्या. भिंतीला लाकडी पाट एकावर एक रचलेले. मी दमले होते. एक पाट वेगळा पडला होता, त्यावर बसले.

"उठ गो!" सुरेखा किंचाळली. "तो राण्यांचो गणपती!"

मी उडालेच. पाटावर काहीच नव्हतं. नुसता जुना, काळा पडलेला पाट.

बाबलकाका कोपऱ्यात सोंड लिंपत होते. साठी ओलांडलेला, बारीक अंगाचा माणूस, डोक्याला पंचा बांधलेला. त्यांनी मान वर केली नाही. "बसांदे गो. राण्यांका सांगू नको म्हणजे झाला."

मग त्यांनी मला समजावलं, आणि ते समजल्यावर मी आणलेले सगळे अर्ज मला मूर्ख वाटायला लागले. तिथे कुणी गणपती विकत आणत नाही, पसंतही करत नाही. आषाढात घरातला माणूस आपल्या घरचा पाट शाळेत आणून देतो, वर पानविडा आणि नारळ. त्या घरचा गणपती दरवर्षी त्याच पाटावर घडतो. कसा घडवायचा ते कुणी सांगत नाही, पाट बघून मेस्त्रींना कळतं. पाट दिला की त्या घराचं नि मेस्त्रीचं पिढ्यांचं काम वर्षभरासाठी पुन्हा बांधलं जातं.

"ह्यो गावड्यांचो," एकेका पाटावर हात ठेवत काका सांगत होते. "ह्येंचा दार लहान. देव वाकूचो नाय, म्हणान उंची इतकीच. ह्यो परबांचो. ह्येंका बसलेलो व्हयो, हाताखाली नाग. ह्यो राण्यांचो, तुझो."

"माझा नाही हो."

"बसलंस ना तेच्यार? आता आरतेक ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज घेऊन बसले. आमचा अर्ज बारा पानांचा आहे आणि तो मी स्वतः तयार केलेला आहे, हे इथेच कबूल करते. सातवा प्रश्न : तुमच्या महत्त्वाच्या दहा कलाकृतींची नावं लिहा आणि त्या सध्या कुठे आहेत ते सांगा.

"व्हाळात," काका म्हणाले. व्हाळ म्हणजे ओढा.

"सगळ्या?"

"सगळे कित्याक? खालच्या वाडीवाले दर्यात सोडतत."

"काका, मागच्या वर्षीचा एखादा तरी शिल्लक असेल ना?"

"शिल्लक रवलो तर तो गणपती कसलो?"

"फोटो?"

सुरेखाने शेजारपाजाऱ्यांकडून मोबाइलवर फोटो मागवले. दुपारपर्यंत पुष्कळ आले. सगळे आरतीचे. समोर घरची माणसं दात काढून उभी आणि मागे हारांच्या ढिगात बुडालेला गणपती, फार तर सोंडेचं टोक दिसतंय. चाळीस वर्षं काम केलेला माणूस आणि आमच्या परीक्षकांपुढे ठेवायला सोंडेची चार टोकं. मी सातव्या प्रश्नाखाली "ओढा आणि समुद्र" असं लिहिलं. माझ्या सहकाऱ्यांना तो विनोद वाटेल हे मला ठाऊक होतं.

सुरेखा अर्जाची पानं उलटत होती. ती बारावी शिकलेली आहे, लग्न मोडून माहेरी आली आणि गेली काही वर्षं सगळ्या मूर्तींचे डोळे तीच आखते. काकांचा हात आता थरथरतो. वाडीत सगळ्यांना ते माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

"ह्याच्यात छप्पर खंय लिहूचा?" तिने विचारलं.

"छप्पर नाही बसत. बांधकामाला अनुदान नाही."

"मग कशाक आसा?"

"प्रशिक्षण, दस्तऐवज, प्रदर्शन, प्रवास."

"बाबा प्रवास करून खंय जातले? आमका चवथीपर्यंत कौलां व्हयी. बाकी काय नको." तिने अर्ज माझ्या मांडीवर ठेवला. "खरा सांग. तुमच्या हातात काय्येक नाय?"

मी म्हटलं, नाही.

हे खोटं होतं. विभागप्रमुखाला तातडीची मदत म्हणून एक लहान रक्कम स्वतःच्या सहीवर देता येते. कुणाला विचारावं लागत नाही, कशासाठी ते एका ओळीत लिहिलं की पुरतं. बांधकामाचा नियम तिला लागत नाही, आणि त्या रकमेत ते छप्पर आरामात झालं असतं. त्या सहीचा कागद तेव्हा माझ्या पिशवीत होता. पण एकदा तातडीची मदत दिली की त्या माणसाचा मोठा अर्ज त्या वर्षी घेत नाहीत, असा नियम. मला मोठा अर्ज हवा होता. मला वाटत होतं की मी काकांसाठी लढते आहे. मी स्वतःच्या पहिल्या अनुदानासाठी लढत होते, आणि त्या लढाईची किंमत दुसऱ्याच्या छपराने मोजत होते. पत्रकं वाचून वाढलेली मुलगी मी. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याचं नाव घेऊन लिहिलं असतं.

तोंडवली

तिसऱ्या दिवशी आमच्या अध्यक्षा आल्या. पाहणीला येण्याचा आग्रह मीच धरला होता. त्यांच्यासाठी किनाऱ्यावरचा एक बंगला घेतला होता. समोर खवळलेला, गढूळ समुद्र, सुरूच्या झाडांतून वारा, आणि वाळूत एकही माणूस नाही. जेवणात त्यांना ताजी सुरमई हवी होती.

"होडये वर आसत, बाई," स्वयंपाकीणबाई म्हणाल्या. "आता दर्यात कोण जातलो?"

"मग हे लोक काय खातात?"

"सुका खातत. नायतर काजूची उसळ."

शेवटी फ्रीजमधली सुरमई तळली. अध्यक्षांनी ती नाक मुरडून खाल्ली आणि सोलकढी दोनदा मागून घेतली. त्या दुष्ट बाई नाहीत, हे मी नोंदवून ठेवते. हातमागाच्या साड्या नेसतात, नोकरांना अहोजाहो करतात, जुनी भजनं ऐकताना त्यांचे डोळे भरून येतात. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

शाळेत पाऊल ठेवताच त्यांनी वर बघितलं आणि टाळी वाजवली.

"अगं, ही आपली!"

ताडपत्रीच्या काठावर त्यांच्या कारखान्याचा शिक्का होता. त्यांनी तिच्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला. फोटोत येऊ नये म्हणून सुरेखाने पाणी साठलेलं घमेलं बाजूला ओढलं.

मग त्या मूर्ती बघत फिरल्या. फार बारकाईने बघत होत्या, जाणकार आहेत. नेमकी सगळ्यांत सुंदर मूर्ती त्यांना सापडली : बसलेली, हाताखाली नाग, डोळे अजून आखायचे राहिलेले. "हा आपण संग्रहात ठेवू या. काचेच्या पेटीत. याचं विसर्जन नाही करायचं."

"तो माझो," दारातून आवाज आला. परबांच्या काकी आल्या होत्या, आपला गणपती कुठवर आला ते बघायला. हातात छत्री, कमरेला विळा, ठेंगणीठुसकी, पण आवाज अख्ख्या वाडीला पुरेल असा. "तो माझ्या घराचो."

"तुम्हाला हे दुसरा करून देतील, मावशी."

"तुमकाच दुसरो करून देवंदेत. माझो कित्याक?"

अध्यक्षा हसल्या. काकांकडे वळून म्हणाल्या, "बरं, मग आमच्यासाठी नवीन करा."

"करतंय," काका म्हणाले. "पाट?"

"पाट आम्ही पाठवू. मुंबईहून छान सागवानी पाठवू."

"कोणाच्या घरचो?"

"संस्थेचा."

काकांनी हात पुसले आणि खरोखर विचार केला. त्यात चेष्टा नव्हती, मी त्यांचा चेहरा बघत होते. गिऱ्हाइकाकडून माप घेणाऱ्या कारागिराचा चेहरा. "संस्थेच्या दाराची उंची किती? आनी आरतेक माणसां किती येतत?"

मग अध्यक्षा म्हणाल्या, "किती गोड आहेत हे!"

परबांच्या काकी सुरेखाच्या कानाशी लागल्या आणि मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "गो, ही बाय देवाक पेटयेत घालता, आनी दार विचारला तर गोड म्हणता. हिच्या घरात माणसां आसत मां?"

निघताना ताडपत्रीतून पडणारा ठिपका शेगडीजवळच्या घमेल्यात टप टप वाजत होता. निखाऱ्यांचा धूर, वरून तिरपा उजेड, मातीच्या मूर्ती. दिसायला सुंदर होतं, नाही म्हणत नाही. अध्यक्षा बराच वेळ उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "इथलं काही बदलू नका हं. अगदी काही."

मी मान हलवली. त्या मानेची मला आजही लाज वाटते.

पाट परत

चौथ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. पहाटेपासून पाऊस असा कोसळत होता की शेजारचं घर दिसत नव्हतं. निरोप घ्यायला गेले तर सुरेखा शाळेच्या दारात नुसती उभी होती. ताडपत्रीत पाणी साठून ती मधोमध फाटली होती आणि सगळं पाणी एकदम तिच्या कडेच्या मूर्तींवर आलं होतं. पुढच्या दोन रांगा विरघळल्या होत्या. पाटांवर चिखलाचे ढीग उरले होते, एका ढिगातून सोंड वर आलेली. परबांचा गणपती दुसऱ्या रांगेत होता.

बाबलकाका गुडघ्यांवर बसून चिखल टोपलीत भरत होते. "माती खंय जाणा नाय," ते मला म्हणाले. जणू मलाच धीर द्यायचा होता. "परत मळूची. दिस गेले, तेवढेच."

इतक्या मूर्तींना दीड महिना पुरणार नव्हता. ओली मूर्ती सुकायला वेळ लागतो, मग रंग, मग डोळे, आणि वर आता ताडपत्रीही नाही. सुरेखाने बापाच्या हातातली टोपली काढून घेतली.

"बाबा, पाट परत देवया."

काका चिखलातला एक पाट पुसायला लागले.

"आज सांगला तर लोक दुसरीकडे सोय करतले. चवथीच्या आठ दिस आधी सांगला तर शिव्या देतले, आनी त्या शिव्या बरोबर आसतले."

मेस्त्रींच्या घरातून पाट कधी परत गेला नव्हता. मी गाडी सोडली. आम्ही दोघींनी पाट धुतले, डोक्यावर घेतले आणि चिखलातून घरोघर निघालो. पहिल्याच बांधावर मी घसरले आणि गावड्यांच्या पाटासकट खाचरात बसले. सुरेखा म्हणाली, "एकदा राण्यांच्या बसलंस, आता गावड्यांच्या. सगळ्या वाडयेक वळखीची झालंस."

राण्यांच्या घरी म्हातारबांनी पाट घेतला, भिंतीला उभा केला आणि आम्हाला चहा विचारला नाही. कोकणात कुणी चहा न विचारणं म्हणजे काय ते मी तेव्हा शिकले. पुढच्या घरचा मुलगा मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "होतलाच होता ह्या. आमी फोंड्यासून आणतलंव." त्याच्या आईने पाट दोन्ही हातांनी घेतला, छातीशी धरला आणि आत गेली. चार घरं अशीच गेली. प्रत्येक दारात सुरेखा एकच वाक्य म्हणत होती, "छप्पर गेला. माफ करा." संस्थेचं नाव तिने एकदाही घेतलं नाही. मी शेजारी उभी होते आणि मीही घेतलं नाही.

पाचवं घर परबांचं.

"ह्या काय?" काकी पायरीवर उभ्या राहिल्या. "पाट परत आणलंस? माझो सासरो देत इलो, घो देत इलो, आता मी देतंय, आनी तू परत आणतंस?"

"काकी, छप्पर गेला. गणपती विरघळलो."

"छप्पर तुझा गेला. माझा खंय गेला? ही पडवी बघ केवढी आसा. हयसर कर."

"हयसर?"

"माती आण, बापाशीक आण. पेज मी घालतंय. गणपती माझो, पाट माझो, छप्पर माझा. तू हात आण फक्त." मग माझ्याकडे बघून, "आनी ही कोण? पेटयेवाल्या बायेची मां?"

"हो," मी म्हटलं.

"हिका सांग, माती वाहूक लाग."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी परबांच्या पडवीत माती वाहिली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघाले तेव्हा सुरेखाने उरलेली घरं गाठली होती. काहींनी पाट ठेवून घेतले, काहींनी पडवी दिली. पाच पडव्या. ती सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या घरी जाणार होती. काका मात्र घरीच राहिले. लोकांच्या पडवीत बसून काम करणं त्यांना जमेना. "शाळा सोडून मास्तर घरोघर फिरता काय?" ते म्हणाले आणि रिकाम्या शाळेत जाऊन बसले.

मुंबई

मी अर्ज मांडला. फाटलेली ताडपत्री, धुऊन गेलेल्या रांगा, परत गेलेले पाट, सगळं लिहिलं. नियम बदलायला हवेत असं लिहिलं. विश्वस्तांच्या बैठकीत तो कागद वाचला गेला आणि निर्णय पंधरा मिनिटांत झाला. टिकून राहिलेली एकही कलाकृती नसल्यामुळे कारागिराला अनुदान देता येत नाही. मात्र विषय हृदयस्पर्शी असल्यामुळे शाळेवर लघुपट काढण्यात यावा. लघुपटाची रक्कम छपराला लागणाऱ्या रकमेच्या कितीतरी पट होती. खाली एक अट होती : चित्रीकरण होईपर्यंत वास्तूत कोणतीही दुरुस्ती करू नये, वातावरण जपावे.

मी बैठकीतून उठून टेबलाकडे आले आणि तातडीच्या मदतीचा कागद भरला. कारण : छप्पर. तेव्हाच भरला असता तर मूर्ती विरघळल्या तरी पाट परत गेले नसते. सुरेखाला फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. आधी हातात होतं तेही सांगितलं.

पलीकडे कुणीतरी माती थापटत असल्याचा आवाज येत होता.

"तेव्हा नाय म्हणालंस."

"हो."

"आता छप्पर घालून काय करू? लोक गणपती घरात करून घेवक शिकले. पुढच्या वर्साक ते पाट परत आणतले काय, तां माका म्हायत नाय." मग म्हणाली, "पण धाड. बाबांका बरा वाटात. कौलां माका नको, तेंका व्हयी."

कौलं पोहोचली. पण घालायची नव्हती. लघुपटवाल्यांनी काकांना संस्थेची अट दाखवली आणि काका कागदाला घाबरणाऱ्या पिढीचे. कौलं खळ्यात रचून ठेवली. चतुर्थी झाली, गणपती पडवीपडवीतून पाटासकट निघाले, ओढ्यात गेले. लघुपटवाले आले तेव्हा भाद्रपद सरत आला होता आणि आठवडाभर पाऊस नव्हता. छप्पर गळेना. दिग्दर्शकाला ठिपका हवा होता, कारण अध्यक्षांनी ठिपक्याचं वर्णन करून सांगितलं होतं.

हे मला सुरेखाने फोनवर सांगितलं, हसत आणि रडत. त्यांनी पाण्याचा टँकर मागवला. शाळेवर पाइप सोडला. खाली शेगडी पेटवली, काकांना शेजारी बसवलं आणि हातात मातीचा गोळा दिला. काकांनी विचारलं, "पाट खंय?" ते म्हणाले, पाट चौकटीत दिसत नाही, नुसती माती मळा. तीन तास वरून पाणी पडत होतं आणि काका मळत होते. भिंतीचा एक कोपरा त्यात बसला. रचून ठेवलेली कौलं खळ्यात कोरडी होती.

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"मी टँकरवाल्याचो कान धरून चावी बंद केलंय," ती म्हणाली. "मगे बाबांका पंच्यान पुसलंय आनी घरात नेलंय. म्हणालंय, शूटिंग झाला. दिग्दर्शक वराडता, 'अजून एक टेक!' म्हटलंय, तुझ्या आवशीचो गणपती मळून देऊ काय?"

दुसऱ्या दिवशी ती आणि परबांच्या काकी शिडी लावून वर चढल्या आणि स्वतः कौलं बसवली. संस्थेची अट मोडली म्हणून विभागाकडे खुलासा मागण्यात आला आहे. खुलासा मी लिहिलेला नाही.

टँकरचं बिल मात्र माझ्या टेबलावर आलं आहे. लघुपटाचा खर्च माझ्या विभागातून जातो, म्हणून सही माझी लागते. बिलावर स्वच्छ लिहिलं आहे : छपरावर पाणी सोडण्यासाठी. तीन आठवडे ते तिथेच पडून आहे. रोज सकाळी हिशेब विभागातले गृहस्थ येतात, दाराशी उभे राहतात, अदबीने विचारतात, "मॅडम, झालं का?"

मी त्यांना रोज सांगते, नाही. आणि ते गेले की बाबांना फोन करून विचारते, छापखाना अजून चालू आहे ना?